जपानचे अरण्य आणि मराठी प्रवासवर्णन

जपानवरील मराठी प्रवासवर्णन म्हटले की आमच्या पिढीला पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ (१९६३) आठवते. पुलंची नजर मुळात माणसांवर. अरण्य शोधण्यासाठी त्या पुस्तकाकडे जाणे म्हणजे लेखकावर अन्याय करणे होय.

आमची तक्रार आहे ती अलीकडच्या वर्णनांबद्दल. सहलीहून परतलेली हौशी मंडळी फुजी, साकुरा, लाल मेपल, क्योतोचे बांबूवन या क्रमाने जपान उरकतात. बस किती वाजता, तिकीट केवढ्याचे, छायाचित्र कोठून चांगले येते, हे सारे त्यात असते. कर्नाटक सरकारच्या सेवेत आम्ही आयुष्यभर कन्नडमधून प्रवासभत्त्याची बिले भरली. तीच पुन्हा तपासतो आहोत असा भास होतो.

वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जपानचा सुमारे दोनतृतीयांश भूभाग अरण्याखाली आहे, हे बहुतेकजण लिहितात. परंतु त्यातले सुमारे चाळीस टक्के अरण्य माणसाने लावलेले आहे. महायुद्धानंतर सुगी आणि हिनोकी यांची घाईने लागवड झाली, आणि आज दर वसंतात त्यांच्या परागांमुळे लाखो माणसे शिंकांनी बेजार होतात, हे मात्र आमच्या वाचनात एकाही मराठी प्रवासवर्णनात आले नाही. नागानो प्रांतातील कामिकोची हे दीड हजार मीटर उंचीवरचे खोरे. तेथे १९७५ पासून खासगी मोटारींना मज्जाव आहे. आपल्या लेखकाला त्याचे एवढेच वाटते की बस बदलावी लागली! ‘शिनरिन-योकू’ म्हणजे अरण्यस्नान, हा शब्दही ऋषिमुनींच्या काळापासून चालत आल्याच्या थाटात सांगितला जातो. तो १९८२ मध्ये तेथील वनखात्याने रूढ केला. सरकारी खात्याने असा शब्द घडवावा, याचे आम्हा निवृत्तांना थोडे कौतुकही वाटते.

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ या वर्णनांशेजारी ठेवून पाहावे. लेखक एकाच रानात मुक्काम करतो, पायी हिंडतो, वाट पाहतो. स्थळांची यादी वाढवण्याचा मोह त्याला नाही. म्हणून वाचकाला ते रान आपण पाहिल्यासारखे वाटते.

दोष दुसऱ्यांनाच का द्यावा? आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीचे रान २०११ मध्ये अभयारण्य झाले. औरादहून सकाळी निघून रात्री परतता येते. गेल्या पावसाळ्यात आम्ही जाऊन आलो, लिहावे म्हणून वही सोबत नेली होती. परवा ती उघडली. पहिल्याच ओळीत निघाल्याची वेळ होती, दुसरीत किलोमीटर.