नाव होण्याआधी

साकेतच्या मॉलमध्ये कपड्यांची दुकानं ओलांडून किरण नाडर कला संग्रहालयात शिरताना मला दर वेळी सर्गेई श्चुकिन आठवतो. मॉस्कोचा हा श्रीमंत व्यापारी कापडाच्याच धंद्यातला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने मातीस आणि पिकासोची चित्रं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा खुद्द पॅरिसलाही या मंडळींची खात्री नव्हती. आपल्या घराच्या जिन्यासाठी त्याने मातीसकडून ‘नृत्य’ आणि ‘संगीत’ काढून घेतली. १९१०मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची हेटाळणी झाली, तेव्हा तो डगमगला. चित्रं नको म्हणाला. मग परतीच्या प्रवासात मन बदललं आणि तार केली: पाठवा. तरीही ‘संगीत’मधल्या बासरीवाल्याची नग्नता त्याने थोड्या रंगाने झाकून घेतलीच.

मला हा डगमगलेला श्चुकिन महत्त्वाचा वाटतो. समोरच्या चित्राबद्दल जगाने अजून मत दिलेलं नाही, तेव्हा त्याने पैसे मोजले. पुढे रविवारी घर लोकांसाठी उघडलं. मातीस, पिकासो तरुण रशियन चित्रकारांना पाहायला मिळाले ते तिथे. १९१८मध्ये संग्रह सरकारजमा झाला, १९३६मध्ये तो पॅरिसला वारला. पण त्या भिंतींनी तोवर आपलं काम केलं होतं.

नाडर यांचा संग्रह या कसोटीवर कसा उतरतो? २०१०मध्ये रझांचं ‘सौराष्ट्र’ लंडनच्या लिलावात सुमारे साडेसोळा कोटींना त्यांनी घेतलं. रझा तेव्हा हयात होते. साठ वर्षं फ्रान्समध्ये काढून त्याच वर्षाअखेर ते दिल्लीला परतले. पण लिलावातला पैसा मुख्यतः आधीच्या मालकाकडे जातो. अशा खरेदीने चित्र देशात येतं, जपलं जातं, तुम्हा-आम्हाला पाहायला मिळतं. हे थोडं नाही. मात्र त्यात चित्रकाराबरोबर घेतलेली जोखीम नसते.

ती आपल्याकडे कुणी घेतलीच नाही, असं नाही. होमी भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी पन्नासच्या दशकापासून चित्रं जमवली, तेव्हा हुसेन, गायतोंडे ही मंडळी बाजाराच्या लेखी कुणीच नव्हती. हेच गायतोंडे पुढे निजामुद्दीनच्या बरसातीत राहिले आणि २००१मध्ये गेले. २०१३च्या मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींच्या वर किंमत आली. बारा वर्षं उशिरा.

तरी नाडर संग्रहालयाला फक्त उशिरा आलेलं म्हणणं अन्यायाचं होईल. १९९०मध्ये किहीमला वारलेल्या नसरीन मोहमदींच्या बारीक रेषांना त्यांनी २०१३मध्ये साकेतला मोठं प्रदर्शन दिलं. त्यांचं काम पुढे माद्रिद, न्यूयॉर्कला गेलं. तिथे किंमत नव्हे, नजर आधी पोचली होती. संग्रहालयाचं मोल मी ‘सौराष्ट्र’पेक्षा या प्रदर्शनावरून ठरवीन.

आणि ही कसोटी मला सोयीची नाही. अनुवादक म्हणजे गरीब संग्राहकच. दुसऱ्याचं काम निवडून आपल्या भिंतीवर लावणारा. गेल्या दहा वर्षांत मी मराठीतून जे अनुवाद केले, त्यांतलं एकही पुस्तक पुरस्काराआधी हाती घेतलं नव्हतं. प्रकाशक विचारतात, ‘काही मिळालंय का याला?’ आता तो प्रश्न ते विचारायच्या आधी मीच स्वतःला विचारते. एका तरुण कवयित्रीचा पातळसा संग्रह तीन वर्षं माझ्या टेबलावर पडून आहे. तो चांगला आहे हे मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. मी वाट पाहत होते ती दुसऱ्या कुणीतरी तसं म्हणण्याची.

या लेखासोबत संपादकांना तिच्या दहा कवितांचा अनुवाद पाठवते आहे. त्यांतल्या दोन ओळी अजूनही झाकाव्याशा वाटतात. झाकलेल्या नाहीत.