धर्मस्वातंत्र्याचा अनुत्तरित प्रश्न : दोन अमेरिकी निर्णयांचे परीक्षण

समलिंगी विवाहाच्या समारंभास आपल्या व्यवसायाने हातभार लावणे ज्या ख्रिस्ती व्यावसायिकास आपल्या श्रद्धेशी विसंगत वाटते, त्यास नकाराची मोकळीक असावी काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कोलोराडो राज्यातील दोन खटल्यांच्या रूपाने आला. दोन्ही वेळा व्यावसायिकाचा जय झाला. तथापि मूळ प्रश्नाचा उलगडा झाला, असे म्हणता येत नाही.

‘मास्टरपीस केकशॉप’ खटल्याचा निर्णय २०१८ साली सात विरुद्ध दोन मतांनी झाला. २०१२ मध्ये एका पुरुष जोडप्याने विवाहानिमित्त केक मागितला असता बेकरीच्या मालकाने तो करून देण्याचे नाकारले होते. न्या. केनेडी यांच्या निर्णयपत्राचा सारा भर राज्याच्या नागरी हक्क आयोगाच्या वर्तनावर आहे. मालकाच्या श्रद्धेविषयी तेथे अनादराचे उद्गार निघाले. समलिंगी विवाहाची निंदा करणारे केक नाकारणाऱ्या बेकरीचालकांना मात्र राज्याने निर्दोष ठरविले. म्हणून आयोगाचा आदेश रद्द झाला. आयोग निःपक्षपातीपणे वागला असता तर निकाल काय लागला असता, याविषयी निर्णयपत्र मौन बाळगते.

२०२३ मधील ‘३०३ क्रिएटिव्ह’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी दिलेल्या निर्णयात न्या. गॉर्सच यांनी धर्मस्वातंत्र्याचा नव्हे, तर भाषणस्वातंत्र्याचा आधार घेतला. विवाहासाठी संकेतस्थळ रचणे ही अभिव्यक्ती होय, आणि मनाविरुद्ध अभिव्यक्ती करण्यास राज्य कोणासही भाग पाडू शकत नाही, हे त्यातील सूत्र. वादी स्त्रीने विवाहविषयक काम तेव्हा सुरूही केले नव्हते.

या सूत्रातच वैगुण्य आहे. संकेतस्थळ रचणाऱ्यास जे संरक्षण मिळाले, ते तितक्याच श्रद्धाळू मंगल कार्यालयचालकास किंवा खुर्च्या भाड्याने देणाऱ्यास मिळेलच, असे नाही. म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचे मोल श्रद्धेच्या खोलीवरून न ठरता धंद्याच्या स्वरूपावरून ठरते. उलटपक्षी, उघड्या दुकानातून परत पाठविल्या गेलेल्या ग्राहकाचा अपमान, ज्यावर न्या. सोटोमायर यांचे भिन्नमत उभे आहे, तो नकार देणारा कलावंत होता एवढ्याने कमी होत नाही.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच ‘ॲशर्स’ खटल्यात एकमताने अधिक स्वच्छ रेषा आखली. उत्तर आयर्लंडमधील या बेकरीने ग्राहक नाकारला नव्हता. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा मजकूर नाकारला होता, आणि तो तिने कोणाही ग्राहकास नाकारला असता. परंतु ज्या केकवर एक अक्षरही नाही, त्याच्या बाबतीत ही रेषाही अपुरी पडते.

सर्वांना समान लागू असणाऱ्या तटस्थ कायद्यातून धर्माच्या कारणाने सूट मागता येत नाही, हे ‘एम्प्लॉयमेंट डिव्हिजन विरुद्ध स्मिथ’ या १९९० च्या खटल्यातील तत्त्व. दोन्ही निर्णयांनी त्यास बगल दिली आहे. व्यावसायिकाची श्रद्धा आणि ग्राहकाची समता यांचे तोलन न करता दिलेला निकाल पक्षकारास जय देतो; पुढील न्यायाधीशास तत्त्व देत नाही.