दिसणारा आजार आणि सांगण्याचा अधिकार : ‘नितळ’ या चित्रपटाच्या संदर्भात

प्रास्ताविक :
आजार सांगावा की सांगू नये, हा प्रश्न मधुमेही व्यक्तीपुढे ज्या स्वरूपात उभा राहतो, त्या स्वरूपात तो चेहऱ्यावर कोड असलेल्या व्यक्तीपुढे उभा राहत नाही. तिचे डाग तिच्याआधीच बोलून गेलेले असतात. मग सांगण्यासारखे उरते काय? सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘नितळ’ (२००६) या मराठी चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दिसणे आणि कळणे :
त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट झाल्यामुळे कोड उद्भवते. ते संसर्गजन्य नाही. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या शब्दाने मात्र त्याचे नाते कुष्ठरोगाशी जोडले. वस्तुतः दोहोंचा संबंध नाही. म्हणजेच पाहणाऱ्याला डाग दिसतो, परंतु त्याचे नाव तो स्वतःच्या समजुतीने ठेवतो. मायकेल जॅक्सनचा रंग पालटताना जगाने पाहिला आणि तो हेतुपुरस्सर गोरा होत असल्याचा तर्क केला. १९९३ मध्ये ऑप्रा विन्फ्रे यांना दिलेल्या मुलाखतीत त्याने आपल्या त्वचाविकाराविषयी सांगितले. तरीही संशय सरला नाही. २००९ मधील शवविच्छेदनाने त्याला कोड असल्याचे सिद्ध केले. दिसणाऱ्या आजाराबाबतचे मौन गुपित राखत नाही. ते सांगण्याचा अधिकार इतरांच्या हाती देते.

‘नितळ’चे सामर्थ्य आणि मर्यादा :
देविका दफ्तरदार यांनी साकारलेली नीरजा ही डॉक्टर आहे. सहकारी अनन्य याच्या एकत्र कुटुंबात ती येते, तेव्हा तिला लपवण्यासारखे काहीच नसते. उलट घरातील प्रत्येकाचे मन उघडे पडते. ‘नितळ’ हा शब्द आपण कांतीसाठी वापरतो, तसाच पाण्यासाठीही. चित्रपट तो त्वचेवरून मनाकडे नेतो. उघड होण्याची जबाबदारी रुग्णाकडून समाजाकडे सरकवणे, हे या कलाकृतीचे मोठे यश होय.

तथापि नीरजा उच्चशिक्षित व स्वावलंबी आहे. तिचे कर्तृत्व जणू डागांची भरपाई ठरते. जिच्यापाशी अशी भरपाई नाही आणि जिचा डाग पदराखाली झाकलेला आहे, तिची कोंडी वेगळी आहे. ठरवून होणाऱ्या विवाहात सांगावे तर स्थळ मोडण्याची भीती. न सांगावे तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून फसवणूक केल्याचा आरोप होऊ शकतो. ही कोंडी चित्रपटाच्या केंद्रस्थानी येत नाही.

समारोप :
‘सांगणे म्हणजे प्रामाणिकपणा, न सांगणे म्हणजे फसवणूक’ ही मांडणी अपुरी आहे. ती सारा नैतिक भार रुग्णावर टाकते आणि ऐकणाऱ्याला अज्ञानाची मोकळीक देते. कोडाविषयी खरे काय ते जाणून घेणे हे पाहणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते पार पडत नाही, तोवर कोणाला, केव्हा आणि किती सांगावे हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच राहिला पाहिजे. ‘नितळ’ने समाजापुढे आरसा धरला, त्या आरशात झाकलेला डागही दिसावा, ही अपेक्षा मराठी चित्रपटाकडून व साहित्याकडून करणे गैर ठरू नये.