संप्रेरके, अनुकंपी मज्जातंतू व हृदयगती : एका वाक्यरचनेची तपासणी

'संप्रेरके अनुकंपी मज्जातंतूंवर परिणाम करून हृदयाची गती वाढवितात' या धर्तीचे विधान मराठी शास्त्रीय लेखनात रुळलेले आहे. त्यातील 'करून' या पूर्वकालवाचक धातुसाधिताने संप्रेरकाला कर्तृत्व दिले असून मज्जातंतूला मधला दुवा ठरविले आहे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अर्थ मात्र पुष्कळदा उलटा होतो.

वस्तुतः भीतीच्या किंवा श्रमाच्या प्रसंगी पुढाकार मज्जातंतूंचा असतो. त्यांच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन स्रवते (हेच त्यांचे संदेशवाहक द्रव्य होय, हे फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखविले) आणि ते उजव्या अलिंदातील, स्पंदनास आरंभ करणाऱ्या पेशींच्या बीटा-१ ग्राहींवर कार्य करते. याच संस्थेचे तंतू अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यालाही चेतवितात. तेथून रक्तात उतरलेले अ‍ॅड्रेनॅलिन हृदयाच्या त्याच ग्राहींपाशी थेट पोचते. म्हणजे येथे मज्जातंतू प्रेरक आणि 'संप्रेरक' प्रेरित!

याचा पडताळा रोपित हृदयात मिळतो. केप टाउन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले रोपण केले. अशा शस्त्रक्रियेत हृदयाचे मज्जातंतू तुटतात. तरीही रुग्ण चालू लागला की त्याची हृदयगती वाढते. मात्र सावकाश, काही मिनिटांनी, आणि थांबल्यावर उतरतेही सावकाशच. ही रक्तातून आलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनची चाल आहे. मज्जातंतू हा अपरिहार्य दुवा असता, तर ती दिसली नसती.

तथापि वरील विधान सर्वस्वी टाकाऊ नाही. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक मज्जातंतूंच्या टोकांवर कार्य करून नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा स्राव वाढविते. तेथे 'करून' अगदी यथार्थ होय.

खरी हानी होते ती अवटु ग्रंथीच्या विवेचनात. या ग्रंथीचा स्राव अतिरिक्त झाला की छाती धडधडते आणि बीटा-ग्राही रोधणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलने ती शमते. त्यावरून दोष अनुकंपी संस्थेच्या माथी मारला जातो. परंतु अशा रुग्णांच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन वाढलेले आढळत नाही. अवटु-संप्रेरक हृदयपेशींच्या जनुकांचे कार्यच बदलते व बीटा-ग्राहींची संख्याही वाढविते. धडधड थांबली म्हणून ग्रंथी बरी झाली, असा समज या वाक्याने सहज होतो. तो रुग्णाला महाग पडणारा आहे.

या गोंधळाला परिभाषेचाही हातभार आहे. स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केलेला 'हॉर्मोन' हा शब्द 'चेतविणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला. 'संप्रेरक' मधील 'अक' हा प्रत्ययही कर्तृवाचक. त्यामुळे हा शब्द वाक्यात आला की कर्त्याची जागा आपोआप बळकावतो. 'अनुकंपी'ची व्युत्पत्ती 'सोबत कंप पावणारा' अशी सुरेख आहे. पण अनुकंपेच्या तत्त्वावर नोकरी देणाऱ्या आपल्या व्यवहारात त्यातून दयाच तेवढी ऐकू येते. हे शब्द आता बदलू नयेत. मात्र अ‍ॅड्रेनॅलिनविषयी 'अनुकंपी मज्जातंतूंच्या चेतनेने स्रवणारे अ‍ॅड्रेनॅलिन हृदयाची गती वाढविते' असे लिहावे, आणि अवटु-संप्रेरकासाठी मज्जातंतूंचा उल्लेख नसलेले स्वतंत्र वाक्य योजावे.