‘के१०टेम्प’ आणि अंशाचा आभास

लिनक्स कर्नेलच्या ‘एचडब्ल्यूमॉन’ शाखेने यंत्रातील नाना संवेदकांना एक शिस्त लावली : तापमान सांगावयाचे ते अंशाच्या सहस्रांशांत. ४५००० म्हणजे ४५ अंश सेल्सिअस. या शिस्तीचे मोल मोठे आहे. तथापि एएमडी प्रोसेसरांसाठीच्या ‘के१०टेम्प’ या ड्रायव्हरात तिची मर्यादाही उघडी पडते. तो जो ‘टीसीटीएल’ नामक आकडा देतो, ते भौतिक तापमान नव्हेच. पंख्याने किती झटावे हे ठरविण्यासाठी उत्पादकाने कल्पिलेल्या मोजपट्टीवरील ते एक स्थान होय. २०१७ च्या ‘रायझन ७ १८००एक्स’मध्ये तर हा आकडा खऱ्या तापमानाहून २० अंशांनी चढा असतो.

सोनपेठ येथे ऐन वैशाखात खोलीतील हवाच ४० अंशांवर असता, अभ्यासकाने ८० हा आकडा वाचला असे समजू. हवेहून वाढ ४० अंशांची, असे तो लिहील. वस्तुतः ती निम्मीच, २० अंशांची. शीतकाची पारख याच वजाबाकीवर चालते, तेव्हा ही तफावत किरकोळ मानता येत नाही.

ड्रायव्हरच्या दस्तऐवजात खुलासा स्पष्ट आहे. (तो उघडून पाहणारे थोडेच!) ‘टीडाय’ हा दुरुस्त आकडा पुढे वेगळ्या नावाने देण्यात आला, हेही योग्यच झाले. परंतु सेल्सिअसच्या रकान्यात सापेक्ष आकडा बसविल्याने जो भ्रम होतो, तो केवळ नावाच्या चिठ्ठीने कितपत निवारेल, याची शंका राहते. जुन्या ‘फेनम’ प्रोसेसरांबाबत तर तेवढाही आधार नाही. तेथे हा ड्रायव्हर टीसीटीएल हा एकच आकडा पुढे करतो.