कोपऱ्याचा हिशोब

मंठ्यात आणि आसपासच्या गावांत मी बरीच वर्षे कबड्डीचे गुणपत्रक लिहीत आलो. शारीरिक शिक्षणाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते मैदानाच्या कडेला बसून, वहीतून. म्हणून आधी वहीचाच दोष सांगतो. बचाव करणाऱ्याचे निम्मे काम तिला दिसतच नाही.

कोपऱ्यात पकडी करून शिवाय चढाईलाही जाणारा खेळाडू आपल्याकडे ‘अष्टपैलू’ ठरतो. निवडीच्या वेळी त्याच्या पकडींचे आणि चढायांचे गुण एकत्र करतात. बेरीज मोठी, म्हणून खेळाडू मोठा. माझा आक्षेप या बेरजेवर आहे.

पूर्वी कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला परत येत नसे. अमरमध्ये बाद झालेला बाहेरच जात नसे, फक्त गुण मोजले जात. आजचा खेळ संजीवनीचा आहे. गडी बाद झाला की तो बाहेर बसतो आणि समोरचा एक गडी उठतो. आपली बेरीज मात्र अजून अमरच्याच मैदानावर चालली आहे.

कोपरारक्षक चढाईत पकडला गेला, तर पत्रकावर एक गुण जातो. पण पुढच्या चढाईला त्याचा कोपरा कोण सांभाळणार? सवय नसलेला मध्यरक्षक तिकडे सरकतो, त्याचा पाय उशिरा पडतो, स्पर्श होतो. हा दुसरा गुण चढाईला गेलेल्याच्या खात्यात कोणी लिहीत नाही. बिचाऱ्या मध्यरक्षकाला मात्र प्रेक्षक नावे ठेवतात.

याउलट, उगाच झेप न घेणारा कोपरा घ्या. चढाईपटू तीस सेकंद त्याच्यासमोर नाचतो आणि रिकामा परततो. पत्रकावर शून्य. प्रो कबड्डीच्या नियमाने अशा दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. तो गुण संघाला मिळतो. ज्याने वाट अडवली त्याच्या पकडींत त्याची नोंद नसते.

यावर कोणी मोहम्मदरेझा शाद्लुईचे नाव घेईल, आणि ते रास्त आहे. २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने या इराणी डाव्या कोपऱ्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. त्या हंगामात त्याने पकडींचे सर्वाधिक ९९ गुण मिळवले, अधूनमधून चढायाही केल्या, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद घेतले. पण त्या संघात चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते होते आणि उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. शाद्लुई बाहेर बसला तरी भिंत उभी राहत होती. तालुक्याच्या संघात एक कोपरा गेला की अर्धी भिंत जाते.

हे मला उशिरा कळले. एका निवडीच्या वेळी दोन कोपऱ्यांतून एकाला घ्यायचे होते. माझी वही मागवली गेली, मी बेरीज वाचून दाखवली, आणि कमी बेरजेचा मुलगा घरी गेला. पुढे कधीतरी मी तीच पाने चाळली. त्याच्या बाजूने परतलेल्या रिकाम्या चढाया मोजल्या, तेव्हा शरम वाटली. तोवर त्याने खेळ सोडला होता.

आता वहीत दोन रकाने वाढवले आहेत: कोणत्या कोपऱ्यासमोरून चढाई रिकामी गेली, आणि कोपरा बाहेर असताना किती गुण गेले. पहिला भरताना घोळ होतो, कारण चढाईपटू दोन्हीकडे फिरतो. दुसरा सोपा आहे. निवडीला आलेले लोक अजून बेरीजच विचारतात. मी ती सांगतो, आणि वही त्यांच्यापुढे उघडी ठेवतो.