तळहाताएवढा इतिहास: घटना-कार्डांची कला आणि खानदेश

जगाचा नकाशा पसरून खेळायच्या डावपेचांच्या खेळांत इतिहास शिरतो तो कार्डांच्या वाटेने. पट भूगोल दाखवतो, सोंगट्या बळ दाखवतात. केव्हा काय घडले आणि त्यामुळे कोणाचे काय झाले, हे सांगायचे काम मात्र तळहाताएवढ्या कार्डाकडे असते. वर घटनेचे नाव, मध्ये जमल्यास एखादे चित्र, खाली दोन-चार ओळींत परिणाम. एवढ्या जागेत इतिहास लिहिणे ही स्वतंत्र लेखनकला आहे, आणि गेल्या तीसेक वर्षांत ती चांगलीच जाणती झाली आहे. ती किती जाणती झाली आणि कुठे उणी पडते, हे तपासायला मी जळगाव-धुळ्याचा इतिहास कसोटी म्हणून घेतो. दिल्ली-लंडनच्या इतिहासावर ही कार्डे सहज उभी राहतात. जिल्ह्याच्या इतिहासावर त्यांचा खरा कस लागतो.

या प्रकारातला सर्वांना ठाऊक असलेला खेळ म्हणजे 'रिस्क'. आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाने तो १९५७ मध्ये काढला. त्यात ४२ प्रदेश आहेत आणि अख्खा हिंदुस्थान त्यातला एक. कार्डांवर प्रदेशाचे नाव आणि पायदळ, घोडदळ किंवा तोफ यांचे चित्र, बस्स. म्हणजे जग आहे, पण घटना नाही. घटना आली फ्रान्सिस ट्रेशम यांच्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये, १९८० साली. त्यात दुष्काळ, पूर, रोगराई ही कार्डे व्यापाराच्या मालातच मिसळलेली असतात आणि सौदा करताना खेळाडू त्यांतली काही गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारू शकतो. संकट व्यापाराच्या वाटेने येते, ही समज नुसत्या नियमातून दिली आहे, एक शब्द न लिहिता. मला ती आजही अव्वल वाटते.

पुढचा टप्पा १९९३ चा. मार्क हर्मन यांच्या 'वी द पीपल' या अमेरिकन क्रांतीवरच्या खेळात पहिल्यांदा सगळा डाव कार्डांवर चालू लागला. तीन वर्षांनी आलेल्या 'हॅनिबल'ने एकाच कार्डाचे दोन उपयोग केले: हवे तर सैन्य हलवा, नाहीतर घटना घडवा. २००५ साली आनंद गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांचा शीतयुद्धावरचा 'ट्वायलाइट स्ट्रगल' आला आणि जगभरच्या खेळाडूंच्या पसंतीक्रमात वर्षानुवर्षे पहिल्या जागी राहिला. त्याची खुबी अशी की, तुमच्या हातात प्रतिस्पर्ध्याच्या फायद्याची कार्डेही येतात आणि तुम्ही ती वापरलीत की त्याची घटना बहुधा घडतेच. नको असलेला इतिहासही आपल्याच हातून घडतो, ही बोच त्या नियमात आहे. कार्यकारणही कार्डांतच विणलेले: मार्शल योजना किंवा वॉर्सा करार आधी झाल्याशिवाय 'नाटो'चे कार्ड घटना म्हणून खेळता येत नाही. काही घटना एकदा घडल्या की कार्ड खेळातून कायमचे बाद. काही पुन्हा पुन्हा येतात.

पुन्हा येणाऱ्यांत 'भारत-पाक युद्ध' आहे, आणि इथे या थोर खेळाची मर्यादा उघडी पडते. हे कार्ड खेळणारा दोहोंपैकी कोणावर हल्ला व्हायचा ते ठरवतो, एक फासा टाकतो आणि शेजारचे जितके देश प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात असतील तितके गुण वजा करतो. म्हणजे युद्धाचा निकाल शेजारी देश अमेरिकेचे की रशियाचे यावर. १९७१ च्या युद्धाचे मूळ ज्या पूर्व बंगालात होते, त्याला पटावर वेगळे घरच नाही. निर्वासित नाहीत, निवडणूक नाही. शीतयुद्धाकडे वॉशिंग्टन आणि मॉस्कोच्या खिडकीतून पाहायचे असे ठरवल्यावर हे ओघाने येते, हे मान्य. पण कार्डावर नाव आपल्या युद्धाचे आहे आणि आतली गोष्ट दुसऱ्याची, हेही तितकेच खरे.

हिंदुस्थानच्या इतिहासावर थेट बेतलेले दोन खेळ या बाबतीत पुढे गेले. ब्रूस मॅन्सफील्ड यांचा 'गांधी' (२०१९) हा वोल्को रूंके यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या बंडखोरीविषयक खेळमालिकेतला. काळ १९१७ ते १९४७; बाजू चार: ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक. या मालिकेतल्या बहुतेक घटना-कार्डांवर एकाच घटनेचे दोन मजकूर असतात आणि खेळाडू आपल्याला सोयीचा निवडतो. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगले साधन कोणते मिळणार? एकाच प्रसंगाचे सरकारी टिपण वेगळे आणि गावातली आठवण वेगळी, हे इथे नियमानेच मान्य केले आहे.

दुसरा कोल वेर्ली यांचा 'जॉन कंपनी', २०२२ ची दुसरी आवृत्ती. खेळाडू असतात कंपनीत वशिला लावू पाहणारी इंग्रज घराणी. हिंदुस्थान आठ प्रदेशांत विभागलेला, मराठ्यांचा मुलूख त्यातला एक. तिथली उलथापालथ, परचक्र, बंड हे सारे कार्डांच्या गड्डीतून निघते. मराठ्यांच्या बाजूने विचार करायला पटाभोवती कोणी बसलेलेच नसते. कंपनीचा लोभ दाखवायचा तर ही मांडणी प्रामाणिक आहे, कारण लंडनच्या दिवाणखान्यात हिंदुस्थान असाच दिसत होता. पण मराठी वाचकाला त्यातून स्वतःचा इतिहास मिळणार नाही, आणि तो मिळावा असा त्या खेळाचा दावाही नाही.

आता हाच चष्मा लावून जळगाव-धुळ्याचा खानदेश पाहू. जगाच्या इतिहासाशी या दोन जिल्ह्यांचा सांधा वारंवार जुळला आहे. १६०० च्या शेवटच्या दिवशी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली आणि लागलीच जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडून फारुकींचे दोनशे वर्षांचे खानदेश राज्य संपले. जगाच्या पटावर ही दोन कार्डे एकाच फेरीत यायला हवीत.

पण कार्ड-लेखनाचा सर्वांत चांगला धडा कापसात आहे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मुंबईत भाव भडकले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे याच वर्षांत चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी खानदेश ओलांडत होती. काळी जमीन, चढा भाव आणि नवा रूळ एकत्र आले. जळगाव कापसाची पेठ म्हणून वर आले ते या काळात. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या आणि कंपन्या बुडाल्या. दहा वर्षांनी पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांच्या मुळाशी तेजीत वाढलेले कर्जही होते. पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ.

जगाच्या खेळांत ही घटना सहसा कशी येते? 'कापूसटंचाई: इंग्लंडचे इतके नुकसान, हिंदुस्थानला इतका फायदा.' एक वजाबाकी, एक बेरीज. हे आळशी कार्ड झाले. मी लिहायला बसलो तर असे लिहीन: युद्ध चालू असेतो कापसाचा भाव दुप्पट; प्रत्येक फेरीत ज्वारीचे एक शेत कापसाखाली जाईल; खेळाडूने हवे तितके कर्ज काढावे; युद्धसमाप्तीचे कार्ड निघाले की भाव पूर्वपदावर, शेते मात्र कापसाखालीच आणि कर्ज तसेच. दुष्काळाचे कार्ड आले की नुकसान मोजायचे ते ज्वारीची किती शेते उरली त्यावर. कुठेही उपदेश नाही. तरी व्हर्जिनियातल्या लीच्या शरणागतीने एरंडोलच्या शेतकऱ्याचे काय केले, ते खेळणाऱ्याला स्वतःच्या हातच्या खेळीतून कळेल.

दोन मजकुरांच्या कार्डाला थाळनेरसारखा विषय शोधून सापडणार नाही. शिरपूर तालुक्यातला, तापीकाठचा हा किल्ला होळकरांचा. महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहाने होळकरांचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेला. फेब्रुवारीअखेर इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरपुढे आला. आतल्या दरवाजापाशी बोलणी चालू असताना गोंधळ उडाला, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली सुमारे तीनशेंची शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला फाशी दिले. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिस्लॉपच्या अभिनंदनाचा ठराव आला तेव्हा या फाशीवर आक्षेप घेतले गेले. एका बाजूने पाहता तहाचा भंग करणाऱ्या गडकऱ्याला शासन. दुसऱ्या बाजूने, दूर माळव्यात झालेल्या सहीच्या नावाखाली आपली जागा राखणाऱ्या माणसाचा खून. मी स्वतः दुसरा मजकूर निवडीन. पण कार्डावर दोन्ही हवेत, कारण हिस्लॉपच्या लोकांचा पहिल्यावर खरोखर विश्वास होता.

भिल्लांच्या बाबतीत तर ही कला आजवर फार कोती राहिली आहे. साम्राज्यांच्या बहुतेक खेळांत डोंगरातली माणसे म्हणजे उपद्रव: 'टोळ्यांचा हल्ला, एक सैन्य गमवा.' सातपुड्यातल्या भिल्लांचे घाटांच्या राखणीशी आणि गावांकडून मिळणाऱ्या वतनी हक्कांशी जुने नाते होते. ते मोडले म्हणून उठाव झाले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली, धरणगाव तिचे ठाणे झाले. तरी १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात उभा ठाकलाच. याला 'टोळ्यांचा हल्ला' म्हणणे म्हणजे कलेक्टर कचेरीचा शेरा जसाच्या तसा कार्डावर उतरवणे होय. हक्क काढून घेणारे कार्ड आधी खेळले गेले तरच उठावाचे कार्ड गड्डीत पडावे. 'नाटो'साठी जो नियम सुचला, तो सातपुड्यासाठी सुचू नये?

आणि तुरुंग. स्वातंत्र्यलढ्यांच्या खेळांत अटक म्हणजे सहसा मोहरा पटाबाहेर. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झाले. अमळनेरच्या शाळेतले तेच साने गुरुजी चार वर्षांनी फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव हिंडत होते. डिसेंबर १९३६ चे ते अधिवेशन खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोसांची, आणि शेतकऱ्यांविषयीचा कार्यक्रम तिथेच ठरला. अटकेचे कार्ड असे असावे की मोहरा तुरुंगाच्या घरात जाईल आणि तिथून फेरीगणिक प्रभाव साठवेल. हा अलंकार नव्हे, धुळ्यात प्रत्यक्ष घडलेली गोष्ट आहे.

आपल्याकडची स्थिती काय? घरोघरचा 'व्यापार' हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्यात संधीच्या घरावर पडले की फाशांची बेरीज पाहून पटावरची यादी वाचायची: शेअर बाजारात तोटा, लॉटरीचे बक्षीस, गोदामाला आग. घटना आहेत, इतिहास नाही. अलीकडे मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबने 'शासन' आणि पुढे स्वातंत्र्यलढ्यांवरचा 'आझादी' काढून भारतीय राजकारण पटावर आणले. 'शासन'मध्ये धोरणाच्या प्रश्नाला तुम्ही दिलेले उत्तरच तुमचे बळ ठरवते, ही कल्पना जगातल्या कुठल्याही खेळाच्या तोडीची आहे. पण मराठी कागदपत्रांतून उभी राहिलेली, मराठीत लिहिलेली घटना-कार्डांची गड्डी अजून माझ्या पाहण्यात नाही. मराठी ऐतिहासिक कादंबरी एवढी फोफावलेली असताना ही उणीव खटकते. कादंबरीत नायकाचे धैर्य रंगवून निभावते. कार्डाला परिणाम सांगावा लागतो, आणि परिणामासाठी कारण ठाऊक असावे लागते.

साधनांची वाण नाही. १८८० चे खानदेश गॅझेटियर गावागावांची नोंद देते. ते साहेबाच्या नजरेने लिहिलेले आहे हे ध्यानात ठेवून वाचले की दोन मजकुरांपैकी एक तिथेच तयार मिळतो. दुसऱ्यासाठी इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात उभे राहिलेले संशोधन मंडळ आहे, त्यातली दप्तरे आहेत, आणि ज्यांच्या हकिगती दप्तरांत आल्याच नाहीत त्यांच्यासाठी अहिराणी आणि भिली बोलणारी वडीलधारी माणसे आहेत. बहिणाबाई चौधरी विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाच्या जोडीला एकेका घटनेचे एक कार्ड लिहून पाहावे: नाव, कारण, दोन बाजूंचे परिणाम, चार ओळींत. खेळ करणाऱ्या तरुणांनी ते घेऊन पटावर तपासावे. अशी मराठी गड्डी निघेल तेव्हा तिची कार्डे परदेशी खेळांच्या भाषांतरातून येऊ नयेत. धुळ्याला बसून लिहावीत, कागदपत्रे तिथे आहेत.